बांगड्याच्या सारात शिरवाळे

आमच्याकडे शिरवाळे गोड खातात. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच लाकडी शेवग्यात, म्हणजे शेवयांच्या साच्यात, घालून वरून जीव खाऊन दाबायचं, आणि खाली ज्या पांढऱ्या लांब शेवया उतरतात त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. जावई आला की शिरवाळे, सण असला की शिरवाळे. त्यांच्यावर माशाचं सार ओतायचं आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचलं नव्हतं. ते माझ्या दादानं केलं, आणि तेही घरात गुपचूप नाही. मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून, वर निळी ताडपत्री बांधून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत केलं.

फळ्यावर त्यानं खडूनं लिहिलं होतं, 'मलेशियाचा लाक्सा'. खाली, लोकांना कळावं म्हणून, 'बांगड्याच्या सारात शिरवाळे'. पहिली ओळ वाचून लोक थांबत आणि दुसरी वाचून पुढे जात. आमची आते पहिल्याच दिवशी येऊन बघून गेली आणि वाडीभर सांगत सुटली, "शिरवाळ्यांचो सत्यानास केल्यान मेल्यान." खायला मात्र दुसऱ्या दिवशी तीच आधी हजर. आमच्या घराण्यात नावं ठेवल्याशिवाय कोणी जेवत नाही.

पण जो एकदा बाकड्यावर बसला तो परत आला. वाडग्यात तळाला शिरवाळे, त्यावर बांगडा शिजवून, काटे काढून, कुस्करून केलेलं दाट लाल सार. आंबटपणाला चिंच आणि आमसूल दोन्ही. तिथे म्हणे आल्याच्या जातीचं एक फूल घालतात, ते इथे कुठून मिळणार, म्हणून दादानं आपलं तिरफळ घातलं. वर काकडीचे आणि अननसाचे बारीक तुकडे, कच्चा कांदा, पुदिना, आणि शेवटी सुका जवळा नि गूळ आटवून केलेल्या काळ्या चटणीचा एक चमचा. हे सगळं चमच्यानं ढवळून पहिला घोट घेतला की कानशिलं गरम व्हायची, नाक वाहायला लागायचं, आणि माणूस वाडगा तोंडाला लावून, रिकामा करूनच खाली ठेवायचा. शेजारच्या हॉटेलातल्या एका माशाच्या थाळीच्या पैशात घरातली चार माणसं इथे पोट भरून उठत. रिक्षावाले येऊ लागले, शाळेतल्या बाई डबा घेऊन येऊ लागल्या. पर्यटक तर आधी फोटो काढायचे, मग थंड झालेलं खायचे आणि वर म्हणायचे, सूप छान आहे. सूप म्हटलं की मला राग यायचा. दादाला यायचा नाही. खाल्लं ना, मग काय म्हणायचं ते म्हणू दे, असं त्याचं.

मी रोज खायची. लग्न झाल्यापासून मी मालवणात राहते, तिथल्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे. दुपारी ते तासभर बंद करून मी गाडीवर यायची, हात धुवायची, एक वाडगा खायची आणि मग गिऱ्हाइकांना वाढायला लागायची.

त्या गाडीवर एकच माणूस कधी खायचं नाही. आमची आई. ती मागच्या बाजूला शेवग्याजवळ बसलेली असायची, सकाळपासून शिरवाळे गाळत. त्या गाडीचे सगळे शिरवाळे तिच्या हातचे. आणि दादानं ही गाडी घातली होती ती तिच्यासाठी. धंदा हवाच होता, पण त्याहून जास्त हवं होतं ते हे की आईनं त्याच्या हातचा एक वाडगा खावा. मी हे अंदाजानं म्हणत नाही, त्यानंच मला सांगितलं होतं. ते का घडत नव्हतं हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

दादा मलेशियाला गेला तेव्हा हॉटेलात नोकरी म्हणून गेला होता. नेणाऱ्या माणसानं विमानतळावरून थेट फर्निचरच्या कारखान्यात नेलं आणि मालकानं पासपोर्ट कपाटात घातला. मग दिवसभर लाकडाचा भुसा नाकातोंडात आणि रात्री एका खोलीत दहाबारा जण. तिथेच त्याला तंबाखूची सवय लागली, भूक मरते म्हणून. एक दिवस तो तिथून पळाला. पासपोर्ट नाही, भाषा नाही, खिशात काही नाही. पेनांगला एका रस्त्याच्या कडेला एक म्हातारी गाडी लावायची. तिच्या गाडीसमोर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. तिनं काही न विचारता एक वाडगा त्याच्या हातात दिला. त्यात तांदळाच्या शेवया आणि बांगड्याचं आंबट सार. दादा सांगायचा, "माका वाटला आये आसा थंय मागे, शेवगो घेवन." तो त्या वाडग्यात रडला. मग तिथेच भांडी घासायला राहिला, पुढे सार करायला शिकला, आणि म्हातारीचे गुडघे गेल्यावर गाडी तोच चालवायला लागला.

त्या वर्षांत आमचे बाबा गेले. कागदपत्रं नसल्यामुळे दादाला येता आलं नाही. आईनं त्याला फोनवर एवढंच विचारलं, जेवतोस काय रे? तो म्हणाला, शिरवाळे खातंय. आईला वाटलं, पोरगा आपली समजूत घालतोय. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की घरी गेल्यावर पहिलं काम हे. आईला हे करून घालायचं, म्हणजे तिला पटेल की आपण खोटं बोललो नव्हतो आणि इतकी वर्षं आपण खरंच तिच्याच हातचं काहीतरी खात होतो.

मग तिकडच्या सरकारनं अशा माणसांना दंड भरून परत जायची मुभा दिली आणि तो आला. आई त्याला न्यायला कुडाळच्या स्टेशनवर नवं लुगडं नेसून गेली होती. घरी आल्यावर तिनं त्याला आवडतात म्हणून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, केल्या होत्या. तो घास घ्यायला गेला आणि त्याचं तोंड उघडेना. दोन बोटांएवढंच उघडत होतं. तो हसून म्हणाला, जखम आसा, जायत. मी टॉर्च घेऊन आत बघितलं. गालाच्या आतून जिभेच्या मुळापर्यंत पांढरं आणि लाल. मी टॉर्च बंद केला आणि आईला म्हटलं, तोंड आलंय. पण आईला माझं खोटं लगेच कळतं. तिनं ताट झाकून ठेवलं.

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच निघाला. आमच्याकडे या दुखण्याचं नाव घेत नाहीत, 'तां दुखणां' म्हणतात. आई घरी आली, आंघोळ केली, आणि ओल्या केसांनीच गावच्या देवीच्या देवळात गेली. मी मागोमाग गेले. आता आंगवण म्हणजे आमच्याकडचा नवस, आणि त्याची आमच्याकडे रीत आहे. लोक कोंबडा बोलतात, नारळांचं तोरण बोलतात, फार तर देवीला साडी. काम झालं की फेडायचं आणि मोकळं व्हायचं. शहाणी माणसं असाच व्यवहार करतात. आमच्या आईनं देवीपुढे उभं राहून सांगितलं की मुलगा पुरता बरा होईपर्यंत मी मासळी तोंडात घालणार नाही. मासळी सोडायची, आणि तीही आमच्या किनाऱ्यावरच्या बाईनं. गुरवानं समजावून बघितलं, "वयनी, कोंबो बोल." आई म्हणाली, "कोंब्याचो जीव स्वस्त. तेच्या बदल्यात देवी माझो झील कित्याक दितली?"

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हामाये, आज ह्या लेकरान तुझ्यापुढे येवन शब्द दिल्यान, तेचो झील ह्या दुखण्यातसून पुरतो बरो होयसर ता म्हावऱ्याक तोंड लावूचा नाय. ह्यो शब्द तू मान्य करून घे, आणि तेच्या झिलाक पदराखाली घे." आणि देवळात जी चार माणसं होती ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. त्या क्षणी मला आईचा अभिमान वाटला होता. तिचा हा शब्द पुढे कोणाच्या आड येणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. दादाला तर आम्ही सांगितलंही नव्हतं, तो हॉस्पिटलात होता.

त्याला किरणांचे शेक दिले. जखम आटली, तोंड थोडं उघडायला लागलं, वजन अर्धं राहिलं. पण तोंडातली लाळ गेली आणि चव गेली. मीठ, साखर, तिखट, सगळं सारखंच, ओल्या कागदासारखं. तिखट लागायचं नाही, नुसतं झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, काहींची चव परत येते, काहींची येत नाही. दादा पातळ पेज प्यायचा आणि वाडगा रिकामा करून म्हणायचा, मस्त झाली. ते तो मला चिडवायला म्हणायचा, कारण मस्त हा माझा शब्द. मी जन्मापासून सगळ्याला मस्त म्हणत आलेय. मला करपलेलं चालतं, आळणी चालतं, शिळं चालतं. आमच्या घरात चव कळते ती आईला. पातेल्यावरचं झाकण उचललं की वासावरून सांगते, मीठ राहिलं. गावात लग्नाचं सार ढवळलं की आधी तिला बोलावणं यायचं.

तर बरं वाटायला लागल्यावर दादानं गाडीची तयारी सुरू केली, आणि पहिलं सार घरच्या चुलीवर केलं. आईनं शिरवाळे गाळले. त्यानं वाडगा भरला, वर काकडी, पुदिना, सगळं नीट रचलं आणि तिच्या पुढ्यात ठेवला. मग तिनं त्याला आंगवणीचं सांगितलं. तो हसायला लागला. त्याला वाटलं, थट्टा करतेय. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो वाडगा घेऊन परसात गेला. मी बघितलं, तो तिथे उभा राहून ते सार तोंडात घेत होता, घोळवत होता, थुंकत होता, परत घेत होता.

त्यानं एक युक्तीही केली. एकदा मासा न घालता सार केलं. चिंच, आमसूल, मिरची, तिरफळ, सगळं तेच. आईनं ते पोटभर खाल्लं आणि म्हणाली, बरां झाला. दादा म्हणाला, "बरां काय, ह्यां आमसुलाचा पाणी आसा. लाक्सा न्हय." आणि परत त्या वाटेला गेला नाही.

मग माझी नेमणूक झाली. दुपारी जाऊन चाखायचं. तो डाव पुढे करायचा, मी फुंकून घोट घ्यायची, तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. "कसा लागता?" मस्त. "मस्त म्हणजे काय गो? आंबट वर येता काय तिखट? जवळ्याचो वास मागसून येता काय आधी येता?" मला काय ठाऊक. मला एकत्रच लागायचं, आणि भूक लागलेली असायची. "तुका उकडलेलो धोंडो दिलो तरी मस्त म्हणतलंस," असं म्हणून तो झाकण ठेवायचा. आम्ही हसायचो. आई शेवग्यावरून मान वर करायची नाही. पण मी तिला बघितलंय, वाऱ्यानं साराची वाफ तिच्याकडे गेली की तिचे हात थांबायचे. एकदा ती हळूच मला म्हणाली, तेका सांग, आज चिंच जास्त पडली. वासावरून. मी त्याला सांगितलं. तो पातेल्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तिका कळता. थंयसून कळता."

मधूनमधून आम्ही तपासणीला गोव्याला जायचो. परत आलो की आई पायरीवर बसलेली असायची. पाणी देण्याआधी विचारायची, "डाक्टर काय म्हणालो? बरो झालो म्हणालो?" डॉक्टर तसं कधीच म्हणाले नाहीत. सध्या ठीक आहे, म्हणायचे. पुढच्या वेळी बघू, म्हणायचे. एकदा मी त्यांना हात जोडून विचारलं की साहेब, बरा झाला एवढं एका शब्दात सांगाल का? ते सभ्य माणूस होते. म्हणाले, या आजारात आम्ही तो शब्द इतक्यात वापरत नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. एक डॉक्टर तो शब्द उच्चारत नाही, एक आई त्या शब्दावाचून तोंड उघडत नाही, आणि मध्ये माझा भाऊ वाडगा घेऊन उभा.

घरी मी म्हटलं, सध्या बरो आसा म्हणालो. आई म्हणाली, "सध्या म्हणजे बरो न्हय." मी चिडले. तिला म्हटलं, अगं, तुझ्या एका घोटानं काय देवी रुसणार आहे का? त्याला काय हवंय ते दिसत नाही का तुला? ती म्हणाली, "माका दिसता. पण मी खाल्लंय आणि उद्या तेका काय झाला, तर मी खंय तोंड लपवू? देवीचा सोड, मीच तेका मारलंय म्हणून माकाच काय सांगू?"

आणि मग तो मिठाचा दिवस आला. माझ्या दुकानात एका लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते, त्यामुळे मी दुपारी गाडीवर उशिरा पोचले. बाकडी भरलेली होती. पर्यटकांची एक गाडी, काही रिक्षावाले. आणि सगळ्यांचे वाडगे जवळजवळ भरलेले. कोणी नुसते शिरवाळे चमच्यानं उचलून खात होतं. एक रिक्षावाला, रोजचा, मान खाली घालून ते सार पीत होता आणि मध्ये मध्ये पाणी पीत होता. दादा त्यांच्यामध्ये डाव घेऊन उभा, एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. पर्यटकांपैकी एक बाई अखेर म्हणाली, भय्या, नमक बहुत है. दादानं मीठ दोनदा घातलं होतं.

त्यानं डावात सार घेतलं आणि मागे आईकडे गेला. सगळ्यांच्या समोर तिच्यापुढे उकिडवा बसला. "आये," तो म्हणाला, "नुसता जिभेक लाव मगे. व्हया तर थुकान टाक. किती पाणी घालू ता सांग. माका कळणा नाय गे."

आवाज चढवून नाही, अगदी साधं बोलला. मी तिथेच उभी होते. आईनं डावाकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. किरणांनी त्याच्या गालाची कातडी काळी पडली होती. तिचा हात शेवग्यावरून निघाला आणि पुढे आला, मी ते स्वतः बघितलं. मग तिनं त्याच हातानं पदर घेतला आणि तोंडात कोंबला. मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मान हलवत राहिली. डावातलं सार हळूहळू खाली मातीत सांडलं.

मी चाखलं, खारटढाण होतं. मी पाणी घाल म्हणून सांगितलं, त्यानं घातलं. रिक्षावाल्यानं वाडगा संपवून ठेवला होता. जाताना म्हणाला, उद्या येतंय. दादानं त्यानंतर आईला कधी विचारलं नाही. गाडी चालू राहिली. आई शिरवाळे गाळायची, तो सार करायचा, मी मस्त म्हणायची.

शिमग्याच्या सुमाराला त्याच्या मानेला गाठ आली. मी टेपनं मापं घेणारी बाई, मला बोटानं कळलं की ती रोज वाढतेय. गोव्याच्या डॉक्टरांनी या वेळी 'सध्या' हा शब्दही वापरला नाही. घरी न्या, म्हणाले. आई पायरीवर बसलेली होती. तिनं काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आत निघून गेली.

गाडीवरची ताडपत्री माझ्या नवऱ्यानं सोडून आणली. शेवटचे दिवस वाईट होते. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना ठाऊक आहे. फणस पिकायला लागले होते आणि त्याला वास सहन होत नव्हता म्हणून आम्ही अंगणातले सगळे कच्चेच उतरवले. एका सकाळी पेज गाळून मी त्याच्याजवळ नेली तर तो गेला होता. आई शेजारीच बसलेली होती, त्याचा हात धरून. तिला माहीत होतं. मी पेज गाळून आणेपर्यंत ती मला सांगायची थांबली होती.

तेराव्याला सगळं झाल्यावर नातेवाईक म्हणाले, आता आंगवण संपली, ज्याच्यासाठी होती तोच राहिला नाही. गुरवानंही येऊन सांगितलं की देवी असला शब्द धरून ठेवत नाही. थोड्या दिवसांनी आतेनं बांगड्याची कढी आणली, स्वतः आईच्या पानात वाढायला गेली. आईनं पानावर आडवा हात धरला. "पयला तेचा खातलंय," म्हणाली. आतेला कळलं नाही. मला कळलं.

पुढच्या रविवारी ती माझ्याकडे मालवणला आली. पिशवीत शेवगा होता आणि तांदळाचं पीठ. म्हणाली, तू कर. तुका म्हायती आसा. मला माहीत होतं. इतके महिने शेजारी उभी राहून बघितलं होतं, बांगडे किती, चिंच किती, जवळा किती भाजायचा. मी बाजारातून ताजे बांगडे आणले. माझ्या हाताला त्याच्यासारखी सवय नव्हती, काटे काढताना बोटं सोलली. तिनं शिरवाळे गाळले. मी वाडगा भरला, त्यानं रचायचा तसा, काकडी, अननस, कांदा, पुदिना, शेवटी काळ्या चटणीचा चमचा. आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

तिनं वाडग्याला हात जोडले. चमच्यानं ढवळलं. किती तरी दिवसांनी, पहिल्यांदा, तिनं मासा तोंडात घेतला. डोळे मिटून घोट घोळवला, गिळला. दुसरा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, जसा दादा माझ्याकडे बघायचा. मला वाटलं, आता ती रडेल आणि एकदाचं काहीतरी सुटेल.

ती रडली नाही. तिनं वाडगा खाली ठेवला.

"ह्यां तुझ्या हाताचा आसा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, सगळं त्याच्यासारखंच केलंय. तेवढंच मीठ, तेवढीच चिंच.

"व्हय. पण हात तुझो. माझ्या चेडवाचो हात माका कळणा नाय काय?" मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, जशी ती लग्नाच्या सारात मीठ राहिलं ते सांगत असे. "तेच्या हाताचा कसा लागायचा, सांग मगे."

मी तो लाक्सा रोज खाल्ला होता. पहिल्या दिवसापासून ताडपत्री सोडेपर्यंत, पोटभर, बोटं चाटून. जगात त्याची चव माहीत असलेली मी, तिची मुलगी, तिच्यासमोर बसले होते.

"आंबट लागायचा," मी म्हटलं. "तिखट लागायचा."

आई पुढचं ऐकायला थांबली होती.